तिसाव्या आकड्याला दार बंद

दंतवैद्याच्या घरी चोरी झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी माझा मुलगा मला शस्त्रांच्या दुकानात घेऊन गेला. मला का नेलं ते मला अजून नीट सांगता येणार नाही. एकट्याने जायला त्याला संकोच वाटला असेल, किंवा बापाला विचारूनच घेतलं असं पुढे म्हणता यावं म्हणूनही असेल.

दंतवैद्य आमच्यापासून चौथ्या घरात राहतो. भरदुपारी दोघे जण मागच्या दाराने आत शिरले, त्याच्या म्हाताऱ्या आईला खुर्चीला बांधलं, तोंडात टॉवेल कोंबला आणि सावकाश घर धुऊन नेलं. म्हातारी वाचली. पण तेव्हापासून मागून कोणाची चाहूल लागली की ती कपडे ओले करते, असं आमच्या सूनबाईने सांगितलं. त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्यांनी कुलपं बदलली. आमच्या घरात नुसत्या कुलपावर भागलं नाही, कारण माझा मुलगा रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे.

दुकान तसं तंबूंचं आणि मासे धरायच्या गळांचं. शस्त्रं आतल्या बाजूला, काचेखाली, हिरव्या कापडावर मांडलेली. दुकानदार जाडजूड, आवाज मात्र अगदी मऊ.

"मारायचंय की घाबरवायचंय?" त्याने विचारलं. चहात साखर किती, असं विचारावं तसं.

"आधी घाबरवायचं. नाही घाबरला तर मारायचं," मुलगा म्हणाला.

"मग बंदूक विसरा. परवान्याला सहा महिने लागतात, आणि चोराला तेवढी सवड नसते." त्याने एक सुरा काढून कापडावर ठेवला आणि स्वतःच परत उचलला. "हाही नको. सुऱ्याला जवळ जावं लागतं. जवळ गेलं की मग सुरा कोणाचा, ते नक्की राहत नाही. तुम्हाला हे देतो."

तो घडीचा दंडुका होता. मुठीएवढा दिसायचा, पण मनगट झटकलं की खाट खाट करत हातभर लोखंड बाहेर यायचं. मुलाने एकदा झटकला, मग पुन्हा झटकला. दुसऱ्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"बाबा, तुम्ही बघा."

मी दोनदा झटकला. काही झालं नाही. तिसऱ्यांदा तो एकदम उघडला आणि काचेवर आपटला. काच फुटली नाही, पण मी दुकानदाराला "माफ करा" म्हणालो.

"ह्यांना नका देऊ," दुकानदार मुलाला म्हणाला. "हे चोरालाही माफ करा म्हणतील."

मुलगा खो खो हसला. मीही हसलो. माझं आयुष्य बरंचसं असंच गेलं आहे. दुसरे माझ्यावर हसायला लागले की मी त्यांच्यात सामील होतो.

शेवटी एक दंडुका मुलासाठी, मिरचीचा एक फवारा सूनबाईसाठी, डोळे दिपवणारी एक विजेरी नातीसाठी आणि सगळ्यांना शिट्ट्या, एवढं घेतलं. मला काय, असं मी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मुलगाच म्हणाला, "तुमच्याकडे अडसर, बाबा. सगळ्यात जबाबदारीचं काम आहे."

अडसर म्हणजे त्याच्या झोपायच्या खोलीच्या दाराचा. त्या आतल्या खोलीला त्याने लोखंडी पत्र्याचं दार बसवून घेतलं होतं आणि आतून मनगटाएवढा जाड अडसर. शिट्टी झाली की सगळ्यांनी त्या खोलीत जमायचं, अडसर सरकवायचा, पोलिसांना फोन करायचा. कोणी दार फोडलंच, तर दंडुका, फवारा आणि विजेरी. हे सगळं सामानही त्याच खोलीतल्या कपाटात.

"शस्त्रं आत, माणसं आत," अक्का म्हणाली. "चोराला अख्खं घर मोकळं. पाहुणचार चांगला आहे."

अक्का माझी थोरली बहीण. एकोणऐंशी वर्षांची. तयार कपड्यांच्या कारखान्यात तिने तीस वर्षं कापड कापलं, आणि माझी बायको गेली तेव्हा चार वर्षांच्या माझ्या पोराला सांभाळायला ती माझ्या घरी आली ती कायमची. मुलगा तिला आत्या म्हणतो, सूनबाई आत्याबाई आणि नात आत्याआजी. मला ती लहानपणापासून पुस्तक्या म्हणते. गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती काठी घेऊन चालते. तिची खोली मागच्या बाजूला, स्वयंपाकघराला लागून. माझी खोली आतल्या खोलीच्या अगदी समोर.

मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका काढणारा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात काही लिहायचं असलं की माझ्याकडेच येतं. मुलाने कारखान्यात करतात तशी एक योजना संगणकावर टाइप केली आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"जरा शुद्धलेखन बघा. ऱ्हस्वदीर्घाची बोंब असणार."

मला बरं वाटलं. दुकानात झालेली शोभा अजून मनात होती. मी टेबलाशी बसलो, लाल पेन काढलं आणि कागद वाचला. छापखान्यात जुन्या लोकांची एक पद्धत होती. शेवटचं प्रूफ उलटं वाचायचं, शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. सरळ वाचलं की माणूस अर्थात गुंततो आणि चूक निसटते. मी त्या पद्धतीने वाचलं. पाच चुका सापडल्या. चौथ्या कलमात 'शांत'वरचा अनुस्वार राहिला होता, तो दिला. खाली सवयीने जे लिहायचं ते लिहिलं, 'दुरुस्त करून छापण्यास हरकत नाही', आणि आद्याक्षरं टाकली.

दुसऱ्या दिवशी कागद फ्रिजवर चिकटला. मुलाने माझ्या सहीची ओळही तशीच राहू दिली होती, कारखान्यात तपासणाऱ्याची असते तशी. अक्काने भिंग लावून सगळं वाचलं. ती सरळ वाचते.

"पुस्तक्या, हे चौथं काय आहे?"

मी जवळ गेलो. 'तिसाव्या आकड्याला दार बंद होईल. तोपर्यंत आत न पोचलेल्यांनी आपापल्या खोलीत शांत राहावे.'

"न पोचलेल्यांनी म्हणजे कोणी?"

"असं कोणी नाही," मी म्हणालो. "सर्वसाधारण लिहिलंय."

"बरं," ती म्हणाली आणि भिंग पुसून खिशात टाकलं.

मला तेव्हा खरोखरच माहीत नव्हतं असं मी म्हणू शकतो. कलम मी वाचलं होतं, शब्दन् शब्द. मात्र ते मला कळलं होतं की नाही, याची मी स्वतःलाच खात्री देऊ शकत नाही.

शनिवारी सकाळी सराव सुरू झाला. आधी शस्त्रांचा. गच्चीवर दोरीला एक जुनी गादी टांगली होती. नातीने, ती आता सतरा वर्षांची आहे, त्या गादीवर खडूने तोंड काढलं आणि त्याला चष्मा घातला.

"हा चोर चष्मा लावतो?" मी विचारलं.

"तुम्हाला राग आला का, आजोबा? मला दुसरं तोंड काढता येत नाही."

मुलाने दंडुका झटकला आणि गादीच्या गुडघ्यावर हाणला. "आधी गुडघा. माणूस खाली येतो. मग मनगट. डोकं शेवटी." सूनबाईला त्याने पाण्याची बाटली दिली, फवाऱ्याऐवजी, आणि ती तोंडावर नेम धरायला शिकली. पहिल्यांदा ती लाजली. चौथ्यांदा तिने स्वतःहून "हरामखोरा" असं म्हटलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अक्का जिन्याच्या दारात काठीवर भार देऊन उभी होती. "ती माझी गादी आहे ना रे?"

"जुनी आहे, आत्या. तुला नवी आणली की."

"तसं नाही. माझ्याच गादीला का मारताय, म्हटलं. चोराची मागवा."

मग खाली येऊन शिट्टीचा सराव. मुलगा गळ्यात घड्याळ अडकवून दिवाणखान्यात उभा राहिला. सगळे आपापल्या खोलीत. शिट्टी वाजली. नात सहा आकड्यांत पोचली, सूनबाई नऊ. मी सव्वीस. माझ्या खोलीतून समोर जायला सव्वीस आकडे का लागतात, तर गुडघे. अक्का बावन्न.

"पुन्हा," मुलगा म्हणाला.

अक्का सत्तेचाळीस. पुन्हा एकदा, तर एकोणपन्नास, आणि स्वयंपाकघराबाहेरच्या दोन पायऱ्यांवर ती थांबून भिंत धरून उभी राहिली.

"आत्या, तू पळायचं नाटक तरी कर गं," मुलगा हसत म्हणाला.

"पळायचा माझा कोटा तुझ्या लहानपणीच संपला, बाबा. तुला घटसर्प झाला तेव्हा."

तो हसायचा थांबला, पण घड्याळाकडे बघतच राहिला. त्याने वहीत आकडा लिहिला. नंतर स्वयंपाकघरात तो मला एकटा सापडला, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "पन्नास केले तर?"

"बाबा, पन्नास आकड्यांत चोर सगळं घर फिरून येतो. आमच्या कारखान्यात गळतीचा भोंगा झाला की गेट विसाव्या आकड्याला बंद होतं. आत कोण राहिलं ते गेट बघत नाही, म्हणून बाकीचे जगतात. मी इथे तीस धरलेत. कोणासाठी धरलेत? तुमच्यासाठी. अंदाजाने धरले होते, आज तुमचे सव्वीस भरले. थंडीत अठ्ठावीस होतील."

"पण अक्का बाहेर राहते त्यात."

"कलम चार. तुम्हीच लिहिलंय, हरकत नाही."

"ते छापायला."

"मग छापलंच ना," तो म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं.

तोडगा सूनबाईला सुचला. ती वाईट नाही. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "बाबांनी आणि आत्याबाईंनी खोल्या बदलल्या तर?"

मुलाने लगेच घड्याळ काढलं. अक्काला माझ्या खोलीतल्या पलंगावर बसवलं, शिट्टी वाजवली. एकवीस. मला मागच्या खोलीत बसवलं. त्या दोन पायऱ्या, मग वळण, मग सगळा बोळ. अडतीस.

"म्हणजे दोघांपैकी कोणीतरी एक," मुलगा म्हणाला आणि वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.

सूनबाईने सुरी खाली ठेवली. नातीने फोनवरून मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि अक्का तेवढी खिडकीकडे बघत होती. मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. दोन शब्दांचं वाक्य होतं. मी म्हणालो, "पुस्तकं हलवावी लागतील. कपाटं भिंतीत ठोकली आहेत."

"हो, ते एक आहेच," मुलगा म्हणाला, जरा घाईनेच.

"राहू दे," अक्का म्हणाली. "मला माझी खोली बरी. स्वयंपाकघराजवळ आहे, चहा गरम मिळतो. त्याच्या खोलीत धुळीने मी चोर यायच्या आधीच जाईन."

सगळे हसले. विषय संपला. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि तो उतरला याची मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी तो दगड परत उचलला नाही. संध्याकाळी मी कपाटाच्या मागे हात घालून चाचपलं. प्रत्येक कपाटाला चार स्क्रू. सुतार आला असता तर अर्ध्या तासाचं काम.

त्यानंतरचे दोन आठवडे अक्का दुपारी झोपेनाशी झाली. मी वाचत पडलो की बोळातून काठीचा आवाज यायचा, ठक, ठक, मग थांबायचा, मग परत ठक, ठक. मी एकदा दार उघडून विचारलं, काय चाललंय. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," ती म्हणाली. घरातही तिने पट्ट्याच्या चपला घालायला सुरुवात केली. झोपतानाही त्या पायात असायच्या. मी ते पाहिलं होतं. त्याबद्दल मी काही विचारलं नाही.

मग तो रविवार. दुपारचे तीन वाजले असतील. मुलगा गाडीचं चाक दाखवायला म्हणून गेला होता. मी खोलीत, सूनबाई आणि नात दिवाणखान्यात. मागच्या दारावर काहीतरी धाडकन आदळलं, काच फुटल्यासारखा आवाज झाला, आणि सूनबाईने शिट्टी फुंकली. सरावात फुंकायची तशी नाही. लांब, चिरकी, मध्येच फाटलेली.

मी उठलो. आतल्या खोलीत पोचलो तेव्हा नात मोठ्याने मोजत होती, "बावीस, तेवीस." सूनबाईने फवारा दोन्ही हातांत धरला होता. मी दार लोटलं, अडसरावर हात ठेवला आणि फट राहू दिली.

"चोवीस. पंचवीस."

बोळात काठी वाजत होती. मला माहीत असलेल्या आवाजापेक्षा ती फार भराभर वाजत होती. पायऱ्यांवर ती थांबली नाही. फटीतून मला अक्का वळणावर दिसली. केस सुटलेले, एक हात भिंतीला. तिच्या मागे, स्वयंपाकघरात, जड बुटांचा आवाज.

"अठ्ठावीस. एकोणतीस."

ती तीन पावलांवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काठीचा हात पुढे केला.

"तीस," नात म्हणाली.

मी दार लावलं आणि अडसर सरकवला.

पत्र्यावर तिचा तळवा लगेच आदळला. दोनदा. मग ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी आहे रे."

"आजोबा, आत्याआजी आहे," नात म्हणाली.

मी सूनबाईकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. बूट बोळात आले होते. मी अडसर दोन्ही हातांनी धरून ठेवला, कोणी तो माझ्याकडून काढून घेईल अशा भीतीने. नातीने माझी बाही ओढली. मी तिला कोपराने ढकललं. त्या पोरीवर मी आयुष्यात कधी हात उगारला नव्हता.

बाहेर काठीचा सपकन आवाज झाला आणि एक पुरुष ओरडला, "आई गं! अहो आजी, मी आहे, कारखान्यातला, स्टोअरवाला!"

मग माझ्या मुलाचा आवाज, हसणारा. "उघडा, उघडा. सराव होता."

दार उघडलं तर अक्का आमच्याकडे पाठ करून उभी होती. काठी तिने दोन्ही हातांत उलटी धरली होती. समोर हेल्मेट घातलेला एक जाड माणूस मनगट चोळत होता. मुलाच्या हातात घड्याळ होतं.

"ह्याला म्हणतात अचानक तपासणी," तो म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर काही कळलं नसतं. आत्या, एकतीस! बावन्नवरून एकतीस! कमाल केलीस." त्याने तिचे खांदे धरून तिला हलवलं. "आणि बाबा, तुम्ही तर चोख. मला खरं सांगायचं तर तुमचीच शंका होती. वाटलं, तुम्ही दार उघडाल."

"आजी मारतात मात्र जोरात," स्टोअरवाला म्हणाला. "ह्यांनाच दंडुका द्या, साहेब."

"एकतीस झाले ना," अक्काने विचारलं.

"हो, आत्या. पण तीस म्हणजे तीस. एकाला एक आकडा सोडला की योजनेला अर्थ राहत नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली. काठी सुलटी करून ती मागे निघाली. पायऱ्यांवर ती बराच वेळ थांबली. आत सूनबाई स्टोअरवाल्यासाठी चहा टाकत होती, आणि नात फुटलेली बरणी गोळा करत होती. काच फुटल्याचा आवाज त्या बरणीचा होता.

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. रागावलीही नाही. जेवताना तिने मला मीठ दिलं.

सोमवारी मी एकटा त्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं.

"काय, 'माफ करा' साहेब? आज काय देऊ?"

"तो मिरचीचा फवारा."

"सूनबाईंचा संपला?"

"नाही. बहिणीसाठी."

"एकट्या बाहेर जातात का?"

"नाही," मी म्हणालो. "ती घरातच असते."

त्याने काउंटरवरून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "वय?"

"एकोणऐंशी."

"घरात आणखी कोणी नसतं का त्यांच्याजवळ?"

मी पाकीट काढून पैसे मोजायला लागलो. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. लहानशी निळी डबी कागदात गुंडाळून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. परत येताना रस्ताभर मी डबी खिशात घट्ट धरली होती. मला वाटत होतं, आपण काहीतरी केलं. थोडं का होईना, केलं. मनातल्या मनात मी तिला काय सांगायचं ते दोनतीनदा जुळवून पाहिलं.

अक्का पलंगावर बसून उशीचा अभ्रा शिवत होती. मी डबी तिच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"फवारा. सूनबाईकडे आहे तसाच. तुझ्याजवळ असू दे."

तिने सुई अभ्र्यात खोचून ठेवली. कागद सोडवला, डबी उलटसुलट केली, तळहातावर तोलून पाहिली.

"तू स्वतः आणलास?"

"हो."

"कोणी सांगितलं नाही?"

"नाही. मलाच वाटलं."

"म्हणजे ठरलं तर," ती म्हणाली.

"काय ठरलं?"

"आतल्या माणसाला हे लागत नाही, पुस्तक्या. आतल्यांना पत्र्याचं दार आहे." ती बोलत होती ते अगदी साधेपणाने, कापड कुठून कापायचं ते दाखवत असल्यासारखं. "तुला काय वाटलं, मी दुपारची बोळात कशाला फिरत होते? डॉक्टरांनी सांगितलं म्हणून? मी म्हटलं, आपणच तिसात बसलो की झालं. तुला खोली सोडायला नको, नाही म्हणायला नको, त्याला कागद बदलायला नको. एकतीसपर्यंत आले होते. आणखी आठ दिवस मिळाले असते तर एकोणतीस केले असते."

"मला वाटलं, खरा चोर आहे," मी म्हणालो.

"हो. मलाही तेच वाटलं."

मी उभाच होतो. खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर धुतलेले कपडे. मला म्हणावंसं वाटलं की उद्या सुतार बोलावतो. माझ्या तोंडात ते शब्द आले होते असं मला आठवतं. पण मला काय काय आठवतं त्यावर मी फारसा विसंबत नाही.

"आता आणलायस तर शिकव," ती म्हणाली. "कुठे दाबायचं? अक्षरं फार बारीक आहेत, मला भिंगातूनही लागत नाहीत. वाच."

मी डबी घेतली आणि खिडकीपाशी गेलो. मागे अगदी बारीक टाइपात सूचना होत्या. मी एकेक वाचत गेलो. डबी उभी धरावी. लाल झाकण अंगठ्याने वर उचलावे. हात लांब करावा. चेहऱ्यावर नेम धरावा. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती आणि रिकाम्या हाताने तसं तसं करून बघत होती, अंगठा वर, हात लांब. शेवटची ओळ ठळक होती. लहान किंवा बंद खोलीत वापरू नये, वापरणाऱ्याचाच श्वास कोंडण्याचा धोका.

मी मान वर करून खोलीकडे पाहिलं. पलंगापासून भिंतीपर्यंत तिचा हात पोचत होता. खिडकीला जाळी, आणि तीही पक्की बसवलेली. ही ओळ मोठ्याने वाचली असती तर ती डबी तिच्या काही कामाची राहिली नसती, आणि मग मला दुसरं काहीतरी द्यावं लागलं असतं. देण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

तिने डबी घेऊन उशीखाली सरकवली, मग उशी हलवून हाताला लागते का ते डोळे मिटून दोनदा तपासलं. लागत होती. मग तिने मला खाली वाकायची खूण केली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"चांगलं वाचतोस हं तू अजून," ती म्हणाली.